आगळातलं आम्ल : अनुमापनाच्या प्रकल्प नोंदी

५ मे २०२५

बारावीच्या मुलांना अनुमापन, म्हणजे एका द्रावणात दुसरं मोजून सोडत त्यातलं आम्ल काढणं, येतं, म्हणजे हात चालतात. ब्युरेट, म्हणजे खुणांची उभी काचनळी, भरतात, गुलाबी रंग आला की थांबतात, वहीत आकडा लिहितात. तो आकडा कशाचा, हे विचारलं की वर्ग गप्प होतो. दोन्ही बाटल्यांवर नावं आणि संहती (द्रावण किती दाट ते) आधीच लिहिलेली असतात, त्यामुळे शोधायचं असं काही उरतच नाही. पुढच्या वर्षीच्या प्रकल्पासाठी म्हणून मला असा नमुना हवा आहे, ज्याचं उत्तर पुस्तकात मागच्या पानावर नसेल.

सिंधुदुर्गात राहून तो शोधायला लांब जायची गरज नाही. रातांब्याचे, म्हणजे कोकमाच्या फळांचे, दिवस आहेत, घरोघरी आगळ, म्हणजे त्यांचा खारवलेला रस, घातलं जातंय. मुलं ते रोज सोलकढीत पितात. तेव्हा प्रश्न असा : शेजारच्या काकूंच्या बरणीतल्या आगळात आम्ल किती? सुट्टीत प्रयोगशाळा मोकळी आहे. आधी स्वतः करून बघते, मग मुलांच्या हाती देते.

६ मे

आजचा दिवस द्रावणं करण्यात गेला.

सोडियम हायड्रॉक्साइडच्या (पुढे नुसतं सोडा म्हणते) गोळ्या तोलून नेमकं ०.१ नॉर्मल (हे संहतीचं एकक) द्रावण करता येत नाही. बाटलीचं झाकण उघडल्यापासून त्या हवेतली वाफ शोषतात, कार्बन डायऑक्साइडही घेतात. मे महिन्यातल्या कोकणच्या हवेत तर तोलकाट्यावर ठेवल्या ठेवल्या ओल्या दिसू लागतात. तराजू जे वजन दाखवतो त्यात पाणी किती आणि सोडा किती, कोण सांगणार? म्हणून लिटरमागे ४ ग्रॅम अंदाजाने घ्यायचे आणि त्याची खरी संहती दुसऱ्या द्रावणाकडून काढून घ्यायची.

ते दुसरं द्रावण ऑक्झॅलिक आम्लाचं. स्फटिक कोरडे असतात, हवेत टिकतात, दोन पाण्याचे रेणू धरून ठरावीक रेणूभार देतात : १२६.०७. आम्ल द्विक्षारकी, म्हणजे एक रेणू दोन प्रोटॉन देतो, म्हणून समतुल्यभार, म्हणजे एका प्रोटॉनमागचा भार, ६३.०३. २५० मिली ०.१ नॉर्मल द्रावणासाठी १.५७६ ग्रॅम तोलले.

ऊर्ध्वपातित पाणी उकळून, झाकून थंड केलं. त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड राहिला तर तो आमच्या सोड्यातला वाटा खातो. एरवी वर्गात ही पायरी आपण गाळतो. या प्रकल्पात गाळायची नाही, कारण पुढे पीएच (आम्लतेची मोजपट्टी, ७ म्हणजे उदासीन) ८ च्या आसपास काम आहे आणि तिथे हा वायू बराच त्रास देतो.

८ मे

प्रमाणीकरण. १० मिली ऑक्झॅलिक आम्ल, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन (अल्कात गुलाबी होणारा दर्शक, म्हणजे रंगाने आम्ल-अल्क दाखवणारा पदार्थ), ब्युरेटमध्ये सोडा. लागोपाठ मिळणारी जुळती वाचनं १०.२ मिली. म्हणजे सोडा ०.०९८ नॉर्मल.

आमच्याकडच्या जुन्या ब्युरेटना काचेची तोटी नाही. खाली रबरी नळी, तिच्यावर चिमटा, पुढे काचेची निमुळती नळी. मुलांना ही जुनाट वाटते. पण सोड्यासाठी हीच बरी, कारण काचेची तोटी सोड्याने जाम होते आणि मग फिरवताना तुटते. हा चिमटा जर्मन रसायनतज्ज्ञ कार्ल फ्रीडरिश मोर याच्या नावाने ओळखला जातो. अनुमापनावरचं त्याचं पाठ्यपुस्तक १८५५ साली आलं. रबरी नळीत मात्र हवेचा बुडबुडा अडकतो. प्रयोगशाळेतले मदतनीस मामा तो काढायला नळी वर वाकवतात, टोक आकाशाकडे करतात आणि चिमटा दाबतात. बुडबुडा एका झटक्यात बाहेर. मी ते मुलांसाठी जसंच्या तसं लिहून ठेवते आहे, कारण तो बुडबुडा मधेच सुटला तर वाचनात उगाच काही दशांशांची भर पडते आणि कारण सापडत नाही.

आणखी एक गोष्ट मुलं पाठ करतात पण कारण सांगत नाहीत. ब्युरेट आणि पिपेट त्या त्या द्रावणाने विसळायचं, कोनिकल फ्लास्क मात्र फक्त पाण्याने. ब्युरेटमध्ये पाणी राहिलं तर सोडा पातळ होतो. फ्लास्कमध्ये राहिलेल्या पाण्याने काही बिघडत नाही, कारण तिथे मोजायचं आहे ते पिपेटने टाकलेलं आम्ल, मग ते कितीही पाण्यात पोहत असो.

१० मे

शेजारच्या काकूंकडून यंदाचं आगळ आणलं. त्यांची रीत : पिकलेले रातांबे फोडून बिया आणि गर बाजूला, सालं मिठासोबत बरणीत थरावर थर, रोज ढवळणं, सुटलेला रस गाळून बाटलीत. पाणी अजिबात नाही. बाटली देताना त्यांनी विचारलं, "बाय, तुमच्या त्या नळयेक काय कळतला? माका जिभेर कळता." त्यांना म्हटलं, जिभेला काय कळतं ते आधी मला सांगा, मी लिहून ठेवते. त्या म्हणाल्या, यंदाचं गेल्या वर्षीच्यापेक्षा मवाळ आहे. नोंद केली. पुढे पडताळायचं.

आगळ सरळ फ्लास्कमध्ये घेऊन चालणार नव्हतं, इतकं ते गडद. १० मिली घेऊन प्रमाणपात्रात २५० मिलीपर्यंत पाणी घातलं. यातले ५० मिली घेतले की मूळ आगळ २ मिली होतं. त्यात आणखी ५० मिली उकळून थंड केलेलं पाणी, फिनॉल्फ्थॅलिन, खाली पांढरी टाइल.

आता जे दिसलं ते सावकाश लिहिते, कारण सगळा प्रकल्प याच्यावर उभा राहील.

सुरुवातीला द्रावण स्वच्छ गुलाबी-तांबडं. सोडा पडू लागला तसा रंग चढायच्या ऐवजी उतरू लागला. अर्ध्या वाटेवर फिकट, जवळजवळ धुवट. मग हळूहळू मळकट जांभळी झाक. शेवटाजवळ ज्या ठिकाणी थेंब पडतो तिथे क्षणभर निळसर-हिरवं वलय उठतं आणि फ्लास्क हलवला की विरतं. आणि नेमकं याच जागी फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी व्हायला हवं. जांभळ्या-हिरव्यात मिसळलेला तो गुलाबी कुठे सुरू झाला, हे सांगता येत नाही. मामांनी एक जागा दाखवली, मी दुसरी. दोघांत अर्ध्या मिलीहून जास्त फरक.

१३ मे

कालपासून रंगाच्याच मागे आहे.

कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन गटातल्या रंगद्रव्यांचा आहे, आणि ती स्वतःच दर्शक आहेत. आम्लात लाल, मग फिकट, उदासीनतेच्या आसपास जांभळी, पुढे निळी-हिरवी, फार अल्कात पिवळट. रॉबर्ट बॉइलने १६६४ साली व्हायोलेट फुलांच्या रसाने आम्ल आणि अल्क ओळखून दाखवलं होतं, तेही याच जातीच्या रंगद्रव्यांमुळे. म्हणजे फ्लास्कमध्ये एका वेळी दोन दर्शक काम करत होते, एक मी घातलेला आणि एक रातांब्याने.

मग कोकमाच्याच रंगावर शेवट का पकडू नये? कारण त्याचा बदल एका ठिकाणी होत नाही, लांबवर पसरलेला आहे. फिनॉल्फ्थॅलिनचं मोल यातच आहे की ते साधारण पीएच ८.२ पर्यंत रंगहीन राहतं आणि मग थोडक्या अंतरात गुलाबी होतं. फळांतली आम्लं सौम्य, सोडा तीव्र. त्यांचा समतुल्य बिंदू, म्हणजे आम्ल नेमकं संपतं ती जागा, ७ वर पडत नाही, वर सरकतो, कारण तयार झालेलं क्षार पाण्यात किंचित अल्कधर्मी असतं. मिथिल ऑरेंज इथे घेतलं तर ते ३.१ ते ४.४ च्या मध्येच रंग बदलून बसेल, म्हणजे अर्ध्याहून जास्त आम्ल अजून शिल्लक असताना.

कोळशाची भुकटी टाकून रंग काढून पाहिला. रंग जातो, पण कोळसा फक्त रंगाला धरतो असं नाही, आम्लही थोडं शोषतो. जे मोजायचं तेच चोरणारी रीत नको. आणखी पातळ करणं हा मार्ग आहे, पण मग शेवटाची उडी बोथट होते.

राहतो तो पीएच मीटर. डोळ्याऐवजी काचेच्या विद्युतअग्राला विचारायचं. रंगीत फळरसांसाठी पीएच ८.१ हा शेवट धरण्याची रीत आहेच. आपल्या कपाटात मीटर आहे, बफरच्या गोळ्या आहेत. तेच करायचं.

१५ मे

मीटर ४, ७ आणि ९.२ च्या बफरवर, म्हणजे ठरावीक पीएचच्या द्रावणांवर, लावून घेतला. ५० मिली पातळ आगळ, ५० मिली पाणी, चुंबकीय ढवळणी. प्रत्येक वेळी सोडा सोडायचा, आकडा स्थिर व्हायची वाट पाहायची, लिहायचं. मामा ब्युरेटवर, मी वहीवर.

सुरुवात पीएच २.८. ७.२ मिलीला ४.४. १२ मिलीला ५.९. इथपर्यंत संथ चढ, कंटाळा यावा इतका. १४.० ला ७.०. १४.२ ला ७.४. १४.३ ला ७.८. १४.४ ला ८.५. १४.५ ला ९.७.

शेवटच्या दोन थेंबांत आलेख उभा राहतो. मुलांना सांगायचं ते हेच : अनुमापनात डोळा चालतो तो या उभ्या भिंतीमुळे. दर्शक ८.२ ला बदलला काय किंवा ८.८ ला, ब्युरेटच्या वाचनात जेमतेम एका थेंबाचा फरक. भिंत नसती तर कुठलाही दर्शक उपयोगाचा नव्हता.

एक प्रश्न चांगली मुलं हमखास विचारतील. आम्लात प्रोटॉन सोडणारे तीन कार्बोक्सिल गट असतील तर तीन पायऱ्या का दिसत नाहीत? सायट्रिक आम्लाचे तीन पीकेए, म्हणजे ज्या पीएचला तो तो गट अर्धा सुटलेला असतो ते आकडे, ३.१, ४.८ आणि ६.४. एकमेकांच्या इतके जवळ की एक गट पुरता संपायच्या आत दुसरा सुरू झालेला असतो. पायऱ्या एकमेकींत विरतात, उरतो एकच उतार आणि शेवटी एकच भिंत. आगळाचा आलेखही त्याच घडणीचा आहे. पडताळा म्हणून प्रयोगशाळेतल्या सायट्रिक आम्लावरही हेच केलं. वळण तेच.

पीएच ८.१ चं वाचन १४.४ च्या किंचित अलीकडे पडतं. पन्नास मिलीच्या ब्युरेटवर ०.१ च्या रेघा आहेत, तेव्हा मी १४.४ धरते.

१९ मे

गणित. १४.४ गुणिले ०.०९८, म्हणजे १.४११ मिलिसमतुल्य आम्ल, २ मिली आगळात. इथपर्यंत वाद नाही. सोड्याने एवढे प्रोटॉन मोजले, बस.

पण आगळात आम्ल किती टक्के? आता सोडा काही सांगत नाही. मला ठरवावं लागतं की ते आम्ल कोणतं. सायट्रिक धरलं तर समतुल्यभार ६४.०४, उत्तर १०० मिलीत ४.५ ग्रॅम. बाजारातल्या बऱ्याच पेयांच्या चाचणीत असंच धरतात. पण कोकमातलं मुख्य आम्ल सायट्रिक नाही, हायड्रॉक्सिसायट्रिक आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ साली कोकमाच्याच कुळातल्या मलबारी फळात, गार्सिनिया कॅम्बोजियात, ते दाखवून दिलं. त्याआधी त्या फळातलं आम्ल सायट्रिक आणि टार्टारिक आहे असं समजलं जात होतं. हायड्रॉक्सिसायट्रिकचा रेणूभार २०८.१, गट तीनच, समतुल्यभार ६९.४. या हिशेबाने तेच वाचन १०० मिलीत ४.९ ग्रॅम देतं.

एक ब्युरेट, एक वाचन, दोन उत्तरं, आणि दोन्ही बरोबर. मला मुलांना हेच दाखवायचं होतं आणि ते इतक्या सरळ हाती येईल असं वाटलं नव्हतं. "आम्लता ४.५ टक्के" हे वाक्य अपुरं आहे. "सायट्रिक आम्लाच्या रूपात ४.५ टक्के" हे पुरं. पत्रकात तसा रकाना हवा, आणि तो रिकामा ठेवणाऱ्याचं उत्तर तपासायचंच नाही.

२२ मे

दोन दिवस एक गोष्ट खटकते आहे. पीएच ८.५ ला थांबून मीटर तसाच चालू ठेवला की आकडा हळूहळू खाली येतो. पहिला संशय हवेतल्या कार्बन डायऑक्साइडवर. म्हणून शेजारी सायट्रिक आम्लाचं द्रावण त्याच पीएचला आणून, तसंच झाकून, तितकाच वेळ ठेवलं. तेही उतरतं, पण थोडं. आगळ स्पष्टपणे जास्त उतरतं. म्हणजे हवेच्या जोडीला आगळात आतलंच काहीतरी सावकाश सोडा खातंय.

सर्वांत सयुक्तिक कारण लॅक्टोनचं. हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाचा एक कार्बोक्सिल गट त्याच रेणूतल्या हायड्रॉक्सिल गटाशी जुळून वलय करतो, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. त्या वलयात अडकलेला गट आम्ल म्हणून पुढे येत नाही, सोड्याला तो दिसतच नाही. अल्कात मात्र वलय हळूहळू उघडतं, दडलेला गट मोकळा होतो आणि सोडा घेतो. रस आटवला, तापवला की लॅक्टोन वाढतं. रंगद्रव्यंही अल्कात सावकाश बदलतात, तेव्हा सगळा वाटा लॅक्टोनच्या खात्यावर टाकता येणार नाही.

२४ मे

सरळ अनुमापनात जो सावकाश येतो त्याला गाठायचा मार्ग म्हणजे मागून मोजणं. ५० मिली पातळ आगळात एकदम २५ मिली सोडा घातला, म्हणजे गरजेपेक्षा बराच जास्त. बूच लावून ठेवलं. नंतर उरलेला सोडा हायड्रोक्लोरिक आम्लाने मोजला, शेवट पुन्हा पीएच ८.१. शेजारी कोरा प्रयोग : आगळाऐवजी तेवढंच पाणी, बाकी सगळं तसंच, तितकाच वेळ. हवेने दोघांतूनही सारखंच चोरलं तर वजाबाकीत ते निघून जातं.

तापवून वेळ वाचवता आला असता. मुद्दाम नाही तापवलं. फळात थोडी साखर असते आणि गरम अल्कात साखर मोडून तिच्यापासूनच आम्लं तयार होतात. मग दडलेलं आम्ल शोधायला जाऊन नवीनच आम्ल बनवून ठेवलं असतं.

कोऱ्याला २४.६ मिली हायड्रोक्लोरिक आम्ल लागलं, त्यावरून त्याची संहती ०.०९९६ नॉर्मल. आगळाला ९.७ मिली. फरक १४.९ मिली, म्हणजे १.४८ मिलिसमतुल्य. सरळ मार्गाने १.४१ आलं होतं. सुमारे पाच टक्के जास्त.

आता आगळातल्या आम्लाचं उत्तर आणखी एका गोष्टीवर अवलंबून झालं : थांबलात किती वेळ.

२८ मे

पाऊस यंदा फारच लवकर आला. रविवारी, २५ तारखेला मान्सून कोकणात उतरला आणि काकूंची सुकत घातलेली सोलं, म्हणजे रातांब्याची सालं, माळ्यावर चढली. वीज ये-जा करते आहे, म्हणून मीटरचं काम सकाळीच उरकून घेतलं.

काकूंची गेल्या वर्षीची बाटली. रंग लालवरून तपकिरीकडे झुकलेला. रंगद्रव्य वर्षभरात बरंच मोडलं आहे. पातळ न करता दोन्ही आगळांचा पीएच पाहिला : नवं १.९, जुनं १.८. मीटरच्या बफरच्या पल्ल्याबाहेरचे आकडे आहेत, तेव्हा एवढ्या फरकावर काही बांधायचं नाही. मग अनुमापन. नव्याला १४.४, जुन्याला १६.१ मिली. सायट्रिकच्या रूपात ४.५ आणि ५.१ टक्के.

काकूंना सांगितलं. "मगे, माका काय सांगतंस," म्हणाल्या, आणि खूश झाल्या. त्यांचं म्हणणं खरं निघालं याचा मलाही आनंद झाला, शिवाय त्यातून धडा नीट बसला. पीएच ही कल्पना सोरेन्सनने १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. ती त्या क्षणी सुटे असलेले प्रोटॉन सांगते. अनुमापन सुटे आणि रेणूत धरून ठेवलेले, असे सगळे मोजतं. सौम्य आम्लात धरून ठेवलेलेच जास्त. सुटे जवळपास सारखे असूनही एकूण साठा वेगळा असू शकतो, आणि आंबटपणा जिभेला जाणवतो त्यात या साठ्याचाही मोठा भाग असतो. दोन्ही आगळं वेगवेगळ्या वर्षांच्या फळांची, मिठाचं प्रमाणही अंदाजाचं, तेव्हा ठेवल्यामुळे आम्ल वाढलं असा अर्थ कुणी काढू नये. जुन्यातलं जास्त आहे, एवढंच मोजलं.

२ जून

मुलांसाठी पत्रक लिहायला घेतलं. काय ठेवायचं, काय नाही, हे ठरवून टाकलं.

सोड्याचं प्रमाणीकरण प्रत्येक गट स्वतः करेल, तयार संहती कुणाला द्यायची नाही. पिपेटला तोंड लावायचं नाही, रबरी फुगाच. सोडा डोळ्यात उडाला तर काय करायचं ते पहिल्या पानावर, शेवटच्या नाही. फिनॉल्फ्थॅलिनने आगळाचं अनुमापन आधी सगळ्यांना करायला लावायचं आणि प्रत्येकाने आपला शेवट फळ्यावर लिहायचा. आकडे पांगलेले दिसले की मगच मीटर बाहेर काढायचा. मीटर एकच आहे, पण आलेख प्रत्येकाने हाताने काढायचा.

मागून मोजण्याचा भाग सगळ्यांना जमणार नाही. ज्यांना हवा त्यांच्यासाठी ठेवते. त्यांना एक प्रश्न देऊन ठेवणार आहे, ज्याचं उत्तर माझ्याकडेही अजून नाही : मुलं घरी उन्हात सुकवलेली सोलं आणतील, त्यांच्यात लॅक्टोनचा वाटा आगळापेक्षा किती? सुकवताना पाणी जातं, ऊन लागतं, तेव्हा तो वाढायला हवा. सोलं भिजवून किती वेळ ठेवली की सगळं आम्ल पाण्यात उतरतं, हे आधी ठरवावं लागेल. काकूंनी पावसाआधी वाळलेली सोलं वेगळी काढून ठेवली आहेत, माळ्यावर वाळणारीही देते म्हणाल्या. दोन्ही घ्यायची.

ऑक्झॅलिकचं द्रावण संपत आलंय. कॉलेज उघडण्याआधी मामांना सांगून एक लिटर करून ठेवायचं.